पॅट्रियटचं कार्ड आणि धाहरानची रात्र

नमस्कार! हे कार्ड नीट बघा. (कार्ड कॅमेऱ्याजवळ) पॅट्रियट, म्हणजे शत्रूचं क्षेपणास्त्र हवेतच पाडण्यासाठी बनवलेलं क्षेपणास्त्र. साल 1991, अमेरिका. बेसबॉल खेळाडूंची कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीने इराकविरुद्धचं आखाती युद्ध पेटल्यावर 'डेझर्ट स्टॉर्म' नावाची मालिका काढली. आपण ट्रंप कार्ड जमवायचो ना, तशी तिथली मुलं ही कार्डं जमवायची, अदलाबदल करायची. पुढे फोटो, मागे शस्त्राची माहिती. पाकिटावर काय छापलंय? 'कोअॅलिशन फॉर पीस'. शांततेसाठी आघाडी!

यातला प्रचार पटकन लक्षात येत नाही, कारण यात धडधडीत थापा नाहीत. शस्त्र दाखवलंय, पण ते कुणावर पडलं ते गाळलंय. रडारला चकवणाऱ्या एफ-117 स्टेल्थ विमानाचंही कार्ड आहे. याच विमानांनी 13 फेब्रुवारीला बगदादमधल्या अमीरिया आश्रयस्थानावर लेझरने नेम धरलेले दोन बॉम्ब टाकले. आत झोपलेली चारशेहून जास्त साधी माणसं गेली, त्यात बायका आणि लहान मुलं किती तरी! आणि अशा नेम धरून पडणाऱ्या 'स्मार्ट बॉम्ब'चा एवढा गाजावाजा झाला, पण त्या युद्धात टाकलेल्या बॉम्बपैकी दहा टक्केसुद्धा स्मार्ट नव्हते.

आता पॅट्रियटकडे येऊ. 15 फेब्रुवारीला अध्यक्ष बुश ते बनवणाऱ्या कारखान्यात जाऊन म्हणाले, इराकच्या 42 स्कड क्षेपणास्त्रांपैकी 41 पॅट्रियटने अडवली. त्यानंतर दहाच दिवसांनी, 25 तारखेच्या रात्री, सौदी अरेबियातल्या धाहरानला एक स्कड थेट अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर येऊन आदळलं. 28 सैनिक ठार. त्यातले 13 पेनसिल्व्हेनियाच्या एकाच तुकडीचे, सौदीत येऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता.

पॅट्रियट तिथेच होतं, सुरूही होतं. पण ते उडालंच नाही. त्याचा संगणक वेळ मोजायचा सेकंदाच्या दहाव्या भागात, आणि दर वेळी अगदी कणभर चूक राहायची. यंत्रणा शंभर तास बंदच केली नव्हती, त्यामुळे साठत साठत ही चूक झाली सेकंदाच्या एक तृतीयांश. तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. रडारने चुकीच्या जागी पाहिलं, तिथे काही दिसलं नाही. दोष आधीच सापडला होता, सॉफ्टवेअर दुरुस्तही झालं होतं. ते धाहरानला पोहोचलं 26 तारखेला!

मला याचा खरंच संताप येतो. मेलेले सैनिक त्यांचेच होते, तरी यशाचे आकडे तसेच मिरवले गेले. पुढे लष्कराने स्वतःच दावा खाली आणला: सौदीत 70 टक्के, इस्रायलमध्ये 40. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षकांनी 1992मध्ये नोंदी तपासल्या, तेव्हा स्कड नष्ट झाल्याचा भक्कम पुरावा मिळाला फक्त 9 टक्के वेळा. तोवर ही कार्डं घरोघरी अल्बममध्ये जाऊन बसली होती.