दोन एमएलची अँप्युल आणि सिस्टरची वही

परळ, पहाटेचे साडेतीन. आमचा कॅमेरा हॉस्पिटलच्या वॉर्डात आहे. वॉर्डातले दिवे मंद केलेत पण आजोबा जागेच आहेत, पाठीला तीन उश्या लावून बसलेत, आडवं झालं की धाप लागते. पायाकडे बघा. सिस्टर बोटाने दाबतायत आणि बोट काढलं तरी खड्डा तसाच राहतोय.

हार्ट फेल म्हणजे हार्ट बंद पडलं असं नाही हो, शब्दच उगाच घाबरवतो. पंप कमजोर झालाय. किडनीला रक्त कमी पोचतं, तिला वाटतं अंगातलं पाणीच कमी झालंय, मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि ते साठत जातं पायात, पोटात, शेवटी फुफ्फुसात.

आजी विचारतात, पाणी काढायची गोळी तर रोज देत होते की मी! देत होत्याच, पण आतड्यालाही सूज आली की गोळी नीट लागू पडत नाही. म्हणून आता शिरेतून.

ही फ्युरोसेमाइडची अँप्युल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, औषधाला सगळे लॅसिक्स म्हणतात. 2 एमएल, त्यात 20 मिलिग्रॅम. सिस्टरने दोन फोडल्या, आणि आता तिचा अंगठा बघा, किती सावकाश सरकतोय, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. कारण हे औषध भसकन ढकललं तर कानावर परिणाम होऊ शकतो, डोस मोठा असेल तर औषध हळूहळू सोडणाऱ्या मशीनवर लावतात, मिनिटाला 4 मिलिग्रॅमच्या आत. किडनी जे मीठ परत ओढून घेत असते ते हे औषध अडवतं, आणि मीठ गेलं की मागोमाग पाणी. पाच मिनिटांत सुरुवात, अर्ध्या तासात पूर्ण जोर.

आणि खरं काम इथून पुढे. दर तासाला सिस्टर वाकते, लघवीच्या पिशवीवर टॉर्च मारते, आकडा वहीत लिहिते. पहिले सहा तास तासाला 100 ते 150 एमएल तरी यायला हवी, कमी आली तर डॉक्टरांना उठवायचं, डोस दुप्पट करायचा का ते ठरतं. फ्रेममध्ये पलंग किती दिसतायत ते मोजा, आणि सिस्टर किती तेही.

बीपी फार घसरलं तर डोब्युटामाइन लागतं, हृदयाला जोर देणारं औषध, ते आयसीयूत, तिथे आम्ही कॅमेरा नेला नाही. लॅसिक्सने रक्तातलं पोटॅशियम उतरतं म्हणून रक्ततपासणी होत राहते. घरी गेल्यावर रोज वजन, तीन दिवसांत 2 किलोच्या वर वाढलं तर लगेच डॉक्टरांना फोन.

खिडकीबाहेर लोकलचा आवाज. आजोबा आता दोनच उश्यांवर झोपलेत, तोंड थोडं उघडं.

"आजी, घरी गेल्यावर सुकट, पापड, लोणचं बंद हं."

"बाई गं, मग जेवतील कशाशी?"

सकाळी पाळी बदलते. सिस्टर वही पुढच्या सिस्टरच्या हातात देते, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून. सहा वाजता, 140.