हिमालयात दिवस वाचवू नका

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. राजहंसगड, देवरवाडीचा वैजनाथ, महिपाळगड, कलानिधीगड, पारगड ही आपली रविवारची ठिकाणं. यातलं एकही बाराशे मीटरच्या वर जात नाही. या डोंगरांवर पाठीला सॅक लावून न थांबता चढणारी मुलंमुली बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पुष्कळ आहेत. त्यातली बरीच आता हिमालयातल्या पाच-सहा हजार मीटरच्या शिखरांची तयारी करतायत. आजचं बोलणं त्यांच्यासाठी, आणि त्यांना घरून निरोप देणाऱ्या आईवडिलांसाठीही.

तिकडे पहिला घोटाळा होतो तो सुट्टीच्या हिशोबात. गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, पुढे रात्रभर बसने मनाली, म्हणजे जाण्यातच तीन रात्री मोडतात. येतानाही तेवढ्याच. दहा-बारा दिवसांची रजा मिळालेली असते, मग उरतात सहा दिवस, आणि शिखर त्या सहा दिवसांत बसवलं जातं. बूट, दोर, जॅकेट यांवर लोक हजारो रुपये खर्च करतात आणि दिवसांत काटकसर करतात. तिथेच माणूस आजारी पडतो.

कारण समजून घेऊ. उंचावर हवेत प्राणवायूचं प्रमाण तेच असतं, २१ टक्क्यांच्या आसपास. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रकाठच्या निम्मा असतो, म्हणजे एका श्वासात प्राणवायूही निम्माच. शरीर लगेच श्वास वाढवतं. जास्त श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्ताची आम्लता बिघडते, आणि ती ताळ्यावर आणायचं काम मूत्रपिंडं करतात. त्यांना दोन-चार दिवस लागतात. म्हणून वर गेल्यावर लघवी जास्त होते, आणि ते चांगलं लक्षण आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. यातलं काहीही व्यायामाने आधी करून ठेवता येत नाही. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही हाच नियम. उलट दमदार मुलं भरभर चढतात, शरीराला वेळ मिळत नाही, आणि आधी तीच आडवी होतात.

जगभर पाळला जाणारा नियम असा: तीन हजार मीटरच्या वर गेलात की आजच्या मुक्कामापेक्षा उद्याचा मुक्काम पाचशे मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी थांबा. हिशोब मुक्कामाचा धरायचा. दिवसा त्याहून वर चढून झोपायला खाली आलात तर उत्तमच.

मनालीजवळचं फ्रेंडशिप शिखर घ्या. उंची ५२८९ मीटर, पहिल्या शिखरासाठी बरेच जण हेच निवडतात. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर. सोलंग खोऱ्यातून धुंदीपर्यंत गाडी जाते, पुढे बकरथाच हे कुरण साधारण ३३०० मीटरवर, आणि त्याच्या वरचा लेडी लेग हा तळ ३८०० ते ३९०० मीटरच्या दरम्यान. आता दिवस मांडा. मनालीत दोन रात्री, त्यातला एक दिवस आसपास चालण्यात. बकरथाचला दोन रात्री, मधल्या दिवशी तीन-चारशे मीटर वर जाऊन परत. लेडी लेगला दोन रात्री, मधला दिवस बर्फावरच्या सरावाचा. मग शिखराचा दिवस. त्यानंतर हवामानासाठी राखीव दोन दिवस, आणि उतरायला एक. दहा दिवस झाले, प्रवास वेगळा. हाच कार्यक्रम पाच-सहा दिवसांत उरकणारे आयोजक भेटतात. त्यात शिखर गाठणारेही असतात, पण रात्रभर डोकं धरून बसलेल्यांची गणती कुणी जाहिरातीत छापत नाही.

लेहला विमानाने जाणाऱ्यांनी तर जास्त सांभाळावं. तिथे उतरता तीच जागा साडेतीन हजार मीटर. पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती. बाजारात फिरणंही बेताचं.

आता आजार ओळखायचा कसा? डोकेदुखी, आणि जोडीला मळमळ, थकवा किंवा चक्कर, हे पहिल्या पायरीचं दुखणं. ‘पित्त झालं असेल, उन्हाने असेल’ असं म्हणून पुढे जायचं नाही. उंचावर डोकं दुखलं तर ते उंचीचंच, असं धरून चालायचं. त्या दिवशी वर जाणं बंद. पाणी, हलकं जेवण, विश्रांती. एका दिवसात उतार पडला नाही तर खाली. झोपेत श्वास काही सेकंद थांबतो आणि मग जोरात सुरू होतो, त्याला मात्र घाबरू नका, उंचावर ते नेहमीचं आहे. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही वर्ज्य, कारण दोन्हींनी श्वास मंदावतो.

दोन दुखणी जिवावरची आहेत. एकात फुप्फुसात पाणी साठतं. बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला ओला होतो, ओठ निळसर पडतात, पुढे गुलाबी फेस येतो. नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्री हे बहुतेक डोकं वर काढतं. दुसऱ्यात मेंदूला सूज येते. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, बुटाचे बंद त्याला जमत नाहीत. याची चाचणी सोपी आहे. जमिनीवर सरळ रेघ ओढा आणि एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत चालायला सांगा. तोल जात असेल तर तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी ऐकायचं नाही. दोन्ही दुखण्यांत उपाय एकच, त्याच क्षणी खाली उतरवणं. किमान तीनशे मीटर, शक्यतो हजार मीटर. रात्र असली तरी, आणि कधीही एकट्याला नाही. ऑक्सिजन, डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही औषधं, हे सगळं उतरता यावं म्हणून वापरायचं. ते घेऊन वर थांबायचं नसतं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर थंड बोटावर खोटा आकडा दाखवतं, त्यावर विसंबून निर्णय घेऊ नका.

अॅसिटाझोलामाइड, म्हणजे आपली डायमॉक्स. १२५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, चढाई सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. शरीर उंचीला सरावण्याचा वेग ती वाढवते, सरावणं टाळत नाही. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर धोका संभवतो, म्हणून गावातल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्याच भेटीत रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असलेल्याला तिथे दुहेरी फटका बसतो.

हंगामाकडे वळू. कुलू आणि गढवालसाठी मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल तर लडाख, स्पिती, लाहौल. आपल्याला हे पटकन कळतं: कणकुंबी-जांबोटीला पाऊस कोसळत असतो तेव्हा अथणी कोरडी असते. सह्याद्री ढग अडवतो तसेच पीर पंजाल आणि मुख्य हिमालयाच्या रांगा अडवतात.

इथे राहून तयारी काय करता येते? निदान तीन महिने हाताशी ठेवा. आठवड्यात तीन दिवस धावणं, बोलता येईल इतक्याच वेगाने. दोन दिवस चढ किंवा जिने, पाठीवर आठ किलोपासून सुरू करून पंधरापर्यंत. रविवारी सहा-सात तासांची चाल. पारगडच्या पायऱ्या वजन घेऊन उतरण्याचा सराव जरूर करा, कारण गुडघे आणि मांड्या जातात त्या उतारावर. दोर, हार्नेस आणि गाठींसाठी शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात बदामीचा वालुकाश्म आहे, देशभरातले गिर्यारोहक तिथे येतात. पण कातळावरचा हात बर्फात कामाला येत नाही. ते शिकायला उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली, पहलगाम इथल्या सरकारी संस्थांचा जवळजवळ महिनाभराचा बेसिक कोर्स करावा. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या शिखराआधी हा कोर्स. खर्च आयोजकांच्या सहलीपेक्षा कमी येतो आणि विद्या आयुष्यभर राहते. जागा लवकर भरतात, त्यामुळे अर्ज कित्येक महिने आधी करावा लागतो.

बर्फावरच्या सामानात क्रॅम्पॉनकडे, म्हणजे बुटाखाली बांधायच्या धातूच्या दातांकडे, जरा बारकाईने बघू. मनालीत ते भाड्याने मिळतात आणि घाईघाईने हातात दिले जातात. दुकानातच स्वतःच्या बुटावर बसवा. पट्टे न बांधता बूट उचलून हलवा. क्रॅम्पॉन पडला तर माप चुकलं, मधली पट्टी कमी-जास्त करून पुन्हा बसवा. पट्ट्याचं बक्कल पायाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवं. आत राहिलं तर दुसऱ्या पायाचे दात त्यात अडकतात आणि माणूस सरळ तोंडावर पडतो. उरलेला पट्टा लोंबत ठेवू नका. आणि हे सगळं जाड हातमोजे घालून, अंधारात, दोनदा करून बघा. रात्री एक वाजता उणे दहा-पंधरा अंशात उघड्या हातांनी बक्कल लावणाऱ्याची बोटं पहिल्या अर्ध्या तासातच बधिर होतात. दुपारच्या ओल्या बर्फाचा गोळा दातांखाली चिकटतो, मग दात रुततच नाहीत. दर काही पावलांनी आइस अॅक्सच्या, म्हणजे बर्फातल्या कुऱ्हाडीच्या, दांड्याने बुटाच्या कडेला ठोकून तो पाडायचा.

आइस अॅक्स नेहमी चढाच्या बाजूच्या हातात. घसरलात तर एका हाताने अॅक्सचं डोकं घट्ट धरून ते खांद्याशी, दुसऱ्या हाताने दांड्याचं खालचं टोक विरुद्ध बाजूच्या कमरेशी, पोटावर वळून छातीचा सगळा भार अॅक्सवर. क्रॅम्पॉन असतील तर पाय गुडघ्यात वाकवून वर उचललेले हवेत. दात बर्फात रुतले की शरीर उलटं फेकलं जातं. हे करायला दोन सेकंद मिळतात, म्हणून सरावाच्या दिवशी पन्नास वेळा करा, डोकं खाली असतानाही.

हिमनदीवर तीन-चार जण एका दोरात, दोघांमधलं अंतर दहा-पंधरा मीटर. दोर ताणलेला नको, पण बर्फावर लोळणाराही नको. हिमभेगेवर ताज्या बर्फाचा पूल धरतो, वरून काही दिसत नाही. ढिला दोर असेल तर पडणारा वेग घेतो आणि मागच्याला ओढतो.

शिखराला मध्यरात्री ते दोनच्या दरम्यान निघतात, कारण तेव्हा बर्फ कडक असतो, पूल टिकतात, दरडी गोठलेल्या असतात. परतीची वेळ तंबूत असतानाच ठरवा, समजा सकाळचे दहा. दहा वाजता शिखर शंभर मीटरवर असलं तरी वळायचं. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, बर्फ वरच्या बाजूने धरतो, मग तोंड मोकळं राहतं. टॉर्चचे सेल जॅकेटच्या आत. काळा चष्मा चौथ्या श्रेणीचा, ढग असले तरी. बर्फावरून परतणारे किरण डोळे भाजतात आणि ते कळतं सहा-आठ तासांनी. बोट पांढरं, बधिर पडलं तर चोळू नका. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तोवर ऊबही देऊ नका.

पाच हजार मीटरवर पाणी ८३ अंशांच्या आसपास उकळतं. भात, डाळ कुकरशिवाय शिजत नाही. बर्फ वितळवताना भांड्याच्या तळाशी थोडं पाणी आधी घाला, नाहीतर भांडं करपतं. भूक मरते, म्हणून घरचं, जिभेला ओळखीचं न्या: शेंगदाण्याची चटणी, शेंगा-गूळ, राजगिऱ्याचे लाडू. पाणी दिवसाला चार लिटर.

हिमस्खलनाबद्दल एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार आणि त्यावर ताजा बर्फ, ही सर्वांत वाईट जोडी. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा दोन या शिखरावर उत्तरकाशीच्या संस्थेची प्रशिक्षण तुकडी हिमस्खलनात सापडली, पंचवीसहून जास्त जण गेले. त्यात प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांत सर केली होती. एवढं कसब असलेल्यांनाही उतार सोडत नाही. मोठी बर्फवृष्टी झाली की निदान एक-दोन दिवस तंबूत बसायचं. राखीव दिवस त्यासाठीच लागतात. गाडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत काढलं तर जगण्याची आशा मोठी, पुढे ती झपाट्याने घसरते. खाली फोन लावून मदत येईपर्यंत ती वेळ टळलेली असते. शोधायचं ते सोबतच्यांनीच, म्हणून ट्रान्सीव्हर हे गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र, लांब सळई आणि फावडं बरोबर हवं.

आयोजकाला पैसे भरण्याआधी काही गोष्टी लेखी विचारून घ्या. कुठल्या उंचीवर किती रात्री? एका गाइडमागे किती जण, आणि गाइडने कुठला कोर्स केलाय? ऑक्सिजनचं सिलिंडर कुठल्या तळापर्यंत येतं? एक जण आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार, आणि मग बाकीच्यांबरोबर कोण राहणार? परवाना कुणाच्या नावावर? राखीव दिवस किती, आणि ते वापरले तर जादा पैसे किती? शेवटच्या प्रश्नावर जो आयोजक ‘राखीव दिवसाची गरजच पडत नाही’ म्हणेल, त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरू नका.

नमस्कार.