आधी विमान पुसा: स्टिन्सन कुटुंबाची उड्डाणशाळा
(ठाण्यातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर बारावीची मुलंमुली दिसताहेत आणि शेजारी त्यांचे आईवडीलही. नवी मुंबईचा विमानतळ आता आपल्या दाराशी आला आहे, त्यामुळे ‘पायलट व्हायला काय लागतं’ हा प्रश्न घरात निघणारच. त्याचं उत्तर आज जरा लांबून, टेक्सासमधल्या एका शाळेपासून सुरू करू. ही शाळा एका कुटुंबाची होती. ती जेमतेम दोन वर्षं चालली, तरी उड्डाण शिकणाऱ्याने ती समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

कॅथरीन स्टिन्सनचा जन्म १८९१ चा. युरोपात जाऊन पियानो शिकायचा, त्यासाठी पैसे हवेत आणि विमानाच्या खेळांना चांगले पैसे मिळतात, म्हणून ती उडायला शिकली. शिकागोत मॅक्स लिली यांच्याकडे शिकून जुलै १९१२ मध्ये तिने परवाना मिळवला. असा परवाना मिळवणारी अमेरिकेतली ती चौथी स्त्री. पुढच्याच वर्षी आई एमासोबत तिने कंपनी काढली. १८ जुलै १९१५ रोजी शिकागोत तिने हवेत उभी कोलांटी, म्हणजे लूप, घेतली. ती घेणाऱ्या पहिल्या मोजक्या स्त्रियांतली ती एक. या खेळांच्या कमाईवर सॅन अँटोनिओत शाळा उभी राहिली. एमाकडे कारभार, धाकटी बहीण मार्जरीकडे शिकवणं, भाऊ एडीकडे यंत्रं, आणि कॅथरीन बाहेर कमावणारी.

कॅथरीनच्या कोलांट्यांबद्दल खूप लिहिलं जातं. मला तिचं मोठेपण तिच्या फडक्यात दिसतं. उडण्याआधी विमान स्वच्छ पुसून घ्यायचं आणि एकेक तार तपासायची, हा तिचा आग्रह होता. तो टापटिपीचा नव्हता. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, आणि सगळा ताण पोलादी तारांवर अशी ती विमानं. इंजिनाचं तेल उडून तारांवर धुळीचा थर बसायचा. दोरासारख्या वळलेल्या तारेतले एकदोन धागे तुटले, तर ते त्या थराखाली दिसत नाहीत. तुटतातही कुठे, तर कप्पीवरून तार वाकते तिथे, रोजच्या वाकण्याने. पुसताना फडकं अडकलं की समजायचं, तार बदलायची.

आजचं सेसना, म्हणजे शिकाऊंचं नेहमीचं छोटं विमान, धातूचं आहे, पण तर्क तोच. पंखाच्या खालच्या बाजूला निळसर डाग असेल तर टाकी किंवा जोड गळतो आहे, कारण शिकाऊ विमानांतलं १००एलएल पेट्रोल निळं असतं. रिव्हेटभोवती काळी भुकटी दिसली, तर तो रिव्हेट सैल होऊन घासतो आहे. मळलेल्या विमानावर यातलं काहीच दिसत नाही.

मार्जरीने १९१४ मध्ये डेटनच्या राइट शाळेत परवाना घेतला आणि ती राइट मॉडेल बी वर शिकवू लागली. त्या विमानाला कॉकपिट नव्हतं. शिक्षक आणि विद्यार्थी खालच्या पंखाच्या कडेवर शेजारी बसत. नाक वरखाली करण्याचा दांडा प्रत्येकाला वेगळा, पण पंख पिळून विमान कलवण्याचा दांडा दोघांच्या मध्ये एकच. म्हणजे डावीकडे बसून शिकलेल्याचा उजवा हात त्या दांड्यावर तयार व्हायचा आणि उजवीकडे बसणाऱ्याचा डावा. बाजू बदलली की हात चुकायचे.

तिचे बरेच विद्यार्थी कॅनडाचे. महायुद्ध चालू होतं आणि ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलात जायचं तर त्या मुलांना आधी खासगी शाळेतून परवाना आणावा लागे. परीक्षा साधी वाटते: दोन खांबांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या फेऱ्या, ठरलेली उंची, आणि इंजिन बंद करून नेमलेल्या जागेपासून ५० मीटरच्या आत उतरणं. कस लागायचा तो शेवटच्या भागात. इंजिनं वारंवार बंद पडत, तेव्हा इंजिनाविना उतरता येणं हे रोजच्या गरजेचं कौशल्य होतं. आजही ‘फोर्स्ड लँडिंग’चा, म्हणजे इंजिन बंद पडल्यावर शेतात उतरण्याचा सराव असतो आणि तिथली नेहमीची चूक तीच राहिली आहे: शेत जवळ यावं म्हणून विद्यार्थी नाक वर ओढतो, वेग जातो आणि विमान शेताच्या अलीकडेच खाली बसतं.

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, खासगी उड्डाणं थांबली आणि शाळा बंद झाली. कॅथरीनने सैन्यात वैमानिक म्हणून घ्यावं असा अर्ज केला, तो नाकारला गेला. ती युरोपात रुग्णवाहिका चालवायला गेली, पुढे आजारी पडली आणि तिचं उडणं संपलं. आपल्याकडे सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये जिप्सी मॉथ उडवलं. सासरी पती वैमानिक. १९३९ मध्ये पती अपघातात गेले, तरी त्यांनी व्यावसायिक परवान्याचा ध्यास सोडला नव्हता. महायुद्ध सुरू झालं, नागरी प्रशिक्षण बंद पडलं आणि तो परवाना राहिला तो राहिलाच. दोघींच्या हातात कसब होतं. दार बाहेरून बंद झालं, याची हळहळ वाटते.

एडीने पुढे स्टिन्सन विमानांचा कारखाना काढला. हजारो तास उडालेला हा माणूस १९३२ मध्ये शिकागोत इंधन संपल्यामुळे उतरताना झेंड्याच्या खांबाला धडकून गेला. अनुभवाने पेट्रोल वाढत नाही, मुलांनो.

आता आजचं. व्यावसायिक परवान्यासाठी डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, एकूण २०० तास लागतात. त्यात पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना, १००, त्यातले २० क्रॉस कंट्रीचे, म्हणजे दूरच्या उड्डाणांचे, आणि त्या २० तासांत एक फेरी ३०० नॉटिकल मैलांची. शिवाय उपकरणांवर १० तास आणि रात्रीचे ५. ठाण्याची मुलं यासाठी धुळे, बारामती, गोंदियाकडे जातात. पालक फी विचारतात. त्याआधी विचारा, कागदावर विमानं किती आणि आज सकाळी उडाली किती? स्नॅग रजिस्टर, म्हणजे बिघाडांची नोंदवही, दाखवता का? शिक्षकाने हवामान पाहून उड्डाण रद्द केलं तर त्याला कोणी जाब विचारतं का? स्टिन्सनसारख्या घरच्या शाळेत मालक, शिक्षक आणि दुरुस्ती पाहणारे एकाच जेवणाच्या टेबलावर बसतात. त्यामुळे निर्णय झटपट होतात, पण ‘आज नको’ म्हणणाऱ्यावर दडपणही येतं. ‘नको’ म्हणायचा हक्क ज्याचा, त्याच्याकडे गल्ल्याची चावी नसावी.

आणि मुलांनी काय शिकावं? सेसना १५२ मध्ये वापरता येईल असं इंधन सुमारे ९३ लिटर. काट्यावर विसंबू नका, टाकीत डिपस्टिक, म्हणजे मोजपट्टी, टाका. रनअपला, म्हणजे उडण्याआधीच्या इंजिन चाचणीत, १७०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) ठिणगी देणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी एकेक बंद करून पाहतात. फेऱ्यांतली घट १२५ पेक्षा जास्त नको, दोघांतला फरक ५० पेक्षा जास्त नको. घट अजिबात झाली नाही तर विद्यार्थी खूश होतो. तीच धोक्याची खूण. बहुधा मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटली आहे, म्हणजे चावी बंद असतानाही हाताने पंखा फिरवला तर इंजिन पेटू शकतं.

कोकणपट्टीच्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीतून पाणी धरतं, म्हणून दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं की टाकी भरून ठेवावी. सकाळी टाकीच्या तळातून नमुना काढा. पाणी जड, ते खाली बसतं आणि मध्ये रेघ दिसते. पण नमुना सगळाच पाण्याचा असेल तर रेघ दिसणारच नाही आणि तो स्वच्छ वाटेल. म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरून निळा रंग पाहा, वास घ्या. दोन्ही मिळेपर्यंत काढत राहा. तरीही पाणी येतच राहिलं, तर विमान तिथेच उभं करून अभियंत्याला बोलवा.