कॉपचा पास मिळाला म्हणजे वाटाघाटीत जागा मिळाली का?

नमस्कार. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेला, म्हणजे ‘कॉप’ला, जाण्याचा पास कसा मिळवायचा, हा प्रश्न जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या महाविद्यालयीन मुलामुलींकडून सतत येत असल्यामुळे आज त्यावरच बोलतो. ग्रेटा थुनबर्गने ऑगस्ट २०१८ मध्ये स्वीडनच्या संसदेबाहेर धरलेले धरणे आणि त्यातून उभी राहिलेली चळवळ तुम्हाला ठाऊक आहेच, तेव्हा ते सोडून देतो.

पास राष्ट्रांच्या प्रतिनिधींना, निरीक्षकांना आणि पत्रकारांना मिळतो. निरीक्षकाचा पास कोणालाही स्वतःच्या नावाने मागता येत नाही. मान्यताप्राप्त संस्थेला आपल्या कोट्यातून तुमचे नाव द्यावे लागते. मात्र निरीक्षक वाटाघाटी करत नाही. लग्नाची पत्रिका आली म्हणून याद्यांच्या बैठकीत आपला शब्द चालतो का?

यावर चोपड्याच्या एका प्रेक्षकाने लिहिले, की संयुक्त राष्ट्रांच्या हवामान प्रक्रियेतल्या ‘यंगो’ या युवा गटाला २०११ पासून पूर्ण मान्यता आहे, मग तरुणांना अधिकार नाही असे कसे म्हणता? मान्यता आहेच. तिच्यामुळे गटाला सभागृहात निवेदन करता येते, परंतु ते साधारण दोन मिनिटांचे असते आणि तेही अध्यक्षांकडे वेळ उरला तर. मसुद्यातला शब्द बदलण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, आणि अनौपचारिक चर्चांची दारे निरीक्षकांना बंदही केली जातात.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. रावेर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात व्याख्यानानंतर एका मुलाने मोबाइलवर आलेले निवडपत्र दाखवले. वर ‘भारताचे युवा प्रतिनिधी’ असे ठळक अक्षरांत होते, खाली भरायचे शुल्क होते आणि पास कोणत्या संस्थेच्या कोट्यातून मिळणार याचा कुठे उल्लेखच नव्हता. भारताचा प्रतिनिधी भारत सरकार नेमते, शुल्क घेणारी मंडळी नव्हे.

मग तरुणांनी काहीच घडवले नाही का? घडवले, आणि पासशिवाय घडवले. २०१९ मध्ये दक्षिण प्रशांत विद्यापीठातील कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवले, की हवामानबदलाबाबत राष्ट्रांची कर्तव्ये कोणती, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे न्यायला लावायचा. त्या न्यायालयाचा सल्ला विद्यार्थ्यांना मागता येत नसल्यामुळे ते प्रशांत महासागरातील सरकारांकडे गेले. त्यांपैकी वानुआतू या द्वीपराष्ट्राने विषय हाती घेतला, २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने न्यायालयाचे मत मागणारा ठराव केला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले. ते बंधनकारक नसले, तरी हवामानाचे रक्षण ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी असल्याचे त्यात स्पष्ट म्हटले आहे. निरीक्षकाच्या पासने जे साधले नसते, ते एका राष्ट्राला पटवून साधले.

म्हणून मे महिन्याच्या झळांनी केळीची बाग होरपळलेली पाहून तुम्हाला जगापुढे काही मांडायचे असेल, तर बागेचे छायाचित्र पुरत नाही. फळपीक विमा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरतो. त्या नोंदी आणि प्रत्यक्ष नुकसान तारीखवार लिहून ठेवा, कारण सरकारपुढे नेमकी मागणी मांडायला तेच उपयोगी पडते. यंगोचे कार्यगट ऑनलाइन चालतात. परदेशी न जाता तिथे काम सुरू करता येते. व्हिसाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या व्हिडिओत देईन.