संघम शॉट

[दृश्य: पुणे–सोलापूर–हैदराबाद महामार्ग, पहाट. मालट्रकांची रांग.]

निवेदन:
उमरगा मागे पडतं, हुमनाबाद मागे पडतं, रस्ता तेलंगणात शिरतो आणि जहीराबाद येतं. १९५६पर्यंत हा मुलूख आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. म्हणून इथले काही शब्द ऐकताच कळतात. पटेल म्हणजे आपल्याकडचा पाटील. जमीन त्याची, शब्द त्याचा.

[दृश्य: तांबडी, मुरमाड जमीन. ज्वारीच्या ओळींत तूर, मधे राळा, बांधाला जवस.]

जहीराबादला लागूनच पस्तापूर आहे. या भागातल्या दलित शेतकरी बायका सिनेमा करतात. त्यांतल्या बऱ्याच जणींनी शाळा पाहिलेली नाही. कॅमेरा शिकताना त्यांनी त्याच्या कोनांना स्वतःची नावं दिली.

[दृश्य: तेच शेत, उंचावरून.]

कॅमेरा वरून खाली बघतो, तो पटेल शॉट. ओट्यावर बसलेल्या मालकाला अंगणातली मजूरबाई अशीच दिसते.

[दृश्य: जमिनीलगत कॅमेरा, वर बघणारा.]

खालून वर बघतो, तो गुलाम शॉट. मान वर करून मालकाशी बोलणाऱ्याला जग असं दिसतं.

[दृश्य: निवडणटिपण करणारी बाई, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून.]

आणि हा संघम शॉट. गावोगावच्या बायकांच्या मंडळांना इथे संघम म्हणतात. तिथे सगळ्या एकाच जाजमावर बसतात, म्हणून नजरेला नजर.

सिनेमाच्या शाळेत हे कोन उंचीवरून ओळखतात. या बायकांनी ते अनुभवावरून ओळखले. पर्यावरणाविषयी, गरिबीविषयी बनलेले कितीतरी माहितीपट मी पाहिलेत. ही नावं कळल्यापासून प्रत्येक वेळी आधी कॅमेऱ्याची उंची बघते.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. गावातला सामुदायिक टीव्ही, समोर गर्दी.]

ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६. 'साइट' नावाच्या प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचले. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. हेतू चांगला होता. पण बोलणारा ३६,००० किलोमीटर उंचावरून बोलत होता आणि गावाला उलट बोलायची सोय नव्हती.

या प्रयोगात काम केलेले पी. व्ही. सतीश पुढे दूरदर्शन सोडून पस्तापूरला आले. या बायकांच्या संघमांसोबत काम करणाऱ्या, १९८३मध्ये सुरू झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक. गावावर फिल्म करणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी कॅमेराच बायकांच्या हाती दिला. १९९०च्या दशकात प्रशिक्षण सुरू झालं आणि २००१मध्ये या बायकांचा स्वतःचा कम्युनिटी मीडिया ट्रस्ट उभा राहिला.

[दृश्य: माठ, टोपल्या. राखेत घोळलेलं बी.]

कॅमेराच का? कारण इथली विद्या कागदावर नाही. एका शेतात पंधरा-वीस पिकं कशी बसवायची, कोणतं बी राखेत ठेवायचं आणि कोणतं कडुनिंबाच्या पाल्यात, हे हातांना आणि जिभेला पाठ आहे. तज्ज्ञांच्या बैठकीत अहवाल मागतात आणि ही बाई तिथेच गप्प होते. फिल्ममध्ये तिला कुणाकडून लिहून घ्यावं लागत नाही.

[दृश्य: कापसाचं शेत.]

त्यांचं ज्या कामामुळे नाव झालं, ते सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या वरंगळ जिल्ह्यातलं. १९९७-९८च्या हंगामात तिथला कापूस अळीनं खाल्ला आणि कर्जात बुडालेल्या अनेक शेतकऱ्यांनी कीटकनाशक पिऊन जीव दिला. मार्च २००२मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली. वाण आपल्या जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीचे. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाला सुमारे १,६०० रुपये, म्हणजे साध्या संकरित बियाण्याच्या कित्येक पट. बोंडअळी येणार नाही, फवारण्या वाचतील, ही आशा होती. ज्याच्या घरात मरण येऊन गेलंय, तो अशा आशेला पैसे मोजणारच.

बायका कॅमेरा घेऊन त्याच शेतकऱ्यांकडे हंगामभर जात राहिल्या. मला ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. शहरातलं पथक दोन दिवसांसाठी येतं, वाळलेलं पीक आणि रडवेला चेहरा टिपून निघून जातं. यांच्या फिल्ममध्ये पेरणीनंतरचा हसरा माणूस आहे, आणि तोच माणूस वेचणीनंतर हिशेब मांडताना आहे. चेहरा कसा बदलत गेला, ते आपल्यासमोर घडतं. विचारणारी बाईसुद्धा शेतकरीच, त्यामुळे फवारणीचं सांगताना कुणी बढाई मारली तर तिच्या लगेच लक्षात येतं.

फिल्ममधल्या हिशेबापेक्षा कंपनीचे आकडे वेगळे होते, वाद झाला. मे २००५मध्ये महिकोच्या त्या तिन्ही वाणांची परवानगी आंध्र प्रदेशापुरती (वरंगळ तेव्हा त्याच राज्यात होतं) पुढे वाढवली गेली नाही. ते फिल्ममुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्यामागे शेतकऱ्यांची आंदोलनं होती, क्षेत्रपाहण्या होत्या. आणि पुढचंही सांगायला हवं. आज देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटीच आहे. फिल्मनं बाजार थांबला नाही. पण वरंगळच्या त्या हंगामाची नोंद विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकापुरती उरली नाही. पुढे या बायका मालीतल्या, दक्षिण आफ्रिकेतल्या कापूस शेतकऱ्यांकडेही कॅमेरा घेऊन गेल्या.

[दृश्य: सजवलेल्या बैलगाड्या, बियांच्या परड्या, ढोल.]

सतीश २०२३च्या मार्चमध्ये गेले. बियांची जत्रा मात्र दरवर्षी ठरलेली आहे. संक्रांतीच्या सुमारास बैलगाड्या निघतात, गावोगाव थांबतात. राळा, सावा, कोद्रा, पिवळी ज्वारी परड्यांमधून लोकांसमोर मांडतात. बायका बायकांना ओळखतात, बी हातावर घेतात, दाताखाली चावून बघतात.

गाडीजवळ उभी असलेली ही बाई आज शूटिंग करतेय. समोरची म्हातारी परडी घेऊन जमिनीवर बसली, तशी हीही बसली. मांडी घातली, कॅमेरा गुडघ्यावर टेकवला. आता तिनं पहिला प्रश्न विचारलाय, यंदा पाऊस कसा झाला.

[निवेदन संपतं. म्हातारीचं उत्तर, पूर्ण, न कापता.]