ना. वि. जगताप यांची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

२० मे २०२५ रोजी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर गेले. ८६ वर्षांचे होते. कोल्हापूरचा जन्म, बनारसचं शिक्षण, केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, २६व्या वर्षी पद्मभूषण, पुढे पुण्यातली आयुका, म्हणजे खगोलशास्त्राची संशोधन संस्था. हे तुम्ही वाचलंच असेल. विश्व एका महास्फोटातून जन्मलं, हे जगातल्या बहुतेक शास्त्रज्ञांनी मान्य केलं. नारळीकरांनी नाही केलं. पुरावा दाखवा, म्हणाले. अखेरपर्यंत तेच म्हणत राहिले.

पण मला सांगायचीय ती जगतापांची गोष्ट.

अहमदाबादला एक परिसंवाद चालला होता आणि वक्ता भलताच रटाळ. आता, आपल्याकडे भाषणांवर वेळेचा कायदाच हवा, आणि तो आधी सत्कारसमारंभांना लावावा. शाली-श्रीफळातच निम्मी संध्याकाळ जाते. असो. नारळीकरांनी समोरचे कागद ओढले आणि चक्क गोष्ट लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली होती ना, तिच्यासाठी. साल १९७४.

अडचण एवढीच, की नाव बघूनच परीक्षक दबायचे. म्हणून नाव बदललं. जयंत विष्णु नारळीकर, म्हणजे ज, वि, ना. ते उलटं करा: ना, वि, ज. झाले नारायण विनायक जगताप! बरं, परिषदेतल्या मंडळींना त्यांचं अक्षर ओळखीचं. मग मंगलाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सगळी गोष्ट आपल्या हाताने उतरवून काढली. मंगलाताई स्वतः गणिती, तेव्हा नक्कल चोखच झाली असणार.

नाव जगतापांचं, अक्षर मंगलाताईंचं, गोष्ट नारळीकरांची. ‘कृष्णविवर’ तिचं नाव. पहिलं बक्षीस कुणाला? जगतापांना! जगताप कोण, हे कुणाला ठाऊकच नव्हतं, आणि तरी पहिलं बक्षीस.

फलज्योतिषाचीही त्यांनी अशीच परीक्षा घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका नावं काढून ज्योतिषांपुढे ठेवल्या आणि ओळखा म्हणाले. नाणं उडवलं असतं तर जेवढी उत्तरं बरोबर आली असती, त्याहून जास्त काही आली नाहीत.

जगताप मात्र पुढे मागे पडले. नंतरच्या कथा नारळीकरांनी स्वतःच्याच नावावर लिहिल्या, आणि २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्याच नावाला मिळालं.