बॅटरी बसली की बसवली?

(बोटीच्या केबिनच्या टपावरून, हातात मल्टिमीटर)

नमस्कार मंडळी. वेसाव्याच्या बंदरावर आहे, मागे इंजिनाची धडधड चालूच राहणार, तेवढं सांभाळून घ्या.

ही आमच्या काकांच्या बोटीची बॅटरी. १२ व्होल्टची, ट्यूब्युलर, म्हणजे नळ्यांसारख्या प्लेटांची, शिशाची. दोन वर्षांत बसली. काका म्हणाले, "डुप्लिकेट माल गळ्यात मारला रे." मी बॅटरी सोडून आधी ह्या निळ्या डबीकडे बघितलं. हा सोलर चार्ज कंट्रोलर. बॅटरीच्या मानाने किंमत चिल्लर, म्हणून त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

बारा व्होल्टचं म्हणून विकतात ते सोलर पॅनेल उन्हात १८ व्होल्टच्या आसपास देतं, तारा मोकळ्या असतील तर २२. ते थेट बॅटरीला जोडलं तर पाणी उकळल्यासारखं बुडबुडेल. म्हणून मध्ये कंट्रोलर. तो आधी मिळेल तेवढा करंट भरतो, १४.४ च्या आसपास व्होल्टेज धरून ठेवतो, आणि बॅटरी भरली की १३.६ वर उतरून नुसती टिकवतो.

आता काकांच्या डबीत बघा. (स्क्रीन जवळून) सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार लिथियम! तीन लिथियम सेलचं गणित, ४.२ गुणिले ३, म्हणजे १२.६ ला चार्जिंग बंद. शिशाची बॅटरी तिथे कधीच भरत नाही. रोज अर्धपोटी. बॅटरी वापरली की प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. लगेच भरली तर ते विरघळतं, तसंच राहिलं तर खड्यासारखं घट्ट होतं. मग दीडशे एएचची (अँपिअर-तास, साठवणीचं माप) बॅटरी साठ-सत्तरचंच काम करते. जास्त चार्जिंगला सगळे घाबरतात, पण मी बघितलेल्या मेलेल्या बॅटऱ्या बहुतेक उपाशीच मेल्या.

तरी मुंबईत दुसरी बाजूही आहे. उष्मा. १४.४ चा आकडा २५ अंशांसाठी असतो. इंजिनाशेजारी ४० अंश सहज होतात, तिथे १४ च्या आसपासच थांबायला हवं. नाहीतर पाणी आटतं, प्लेटा कुजतात. बऱ्याच डब्यांचा तापमान सेन्सर डबीच्या आतच असतो. डबी टपावर उन्हात, बॅटरी खाली, मग त्याला कळणार कसं? वायरवाला सेन्सर मिळाला तर बॅटरीलाच चिकटवा.

एमपीपीटी, म्हणजे पॅनेलचं जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलून देणारा कंट्रोलर, घ्यायचा का? शंभर वॉटच्या बारा व्होल्टी पॅनेलला मी पैसे घालणार नाही, साधा पीडब्ल्यूएम, म्हणजे पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर ओढणारा कंट्रोलर, पुरे. पण कुणी घराच्या छतावरचं ७२ सेलचं, ३३० वॉटचं पॅनेल आणून पीडब्ल्यूएमला जोडलं, तर करंट जेमतेम ९ अँपिअर, व्होल्टेज बॅटरीचं. जेमतेम १२० वॉट हातात. बाकीचे वाया! तिथे एमपीपीटीच.

जोडताना बॅटरी आधी, पॅनेल नंतर. काढताना उलट. कारण बारा व्होल्ट की चोवीस, हे कंट्रोलर बॅटरीवरूनच ओळखतो.

आणि आपल्या कोळीवाड्यातली खास गोष्ट. १ जूनला मासेमारीबंदी लागली की बोटी शाकारतात. ताडपत्रीखाली पॅनेलही जातं. कंट्रोलर मात्र चालूच, स्वतःसाठी थोडं थोडं खातो. १० मिलीअँपिअर धरले तरी साठ दिवसांत १४ एएच, शिवाय बॅटरी आपणहून उतरते ती वेगळीच. नारळी पौर्णिमेला बोट काढाल तेव्हा सल्फेट घट्ट झालेलं असेल. एक तर पॅनेल उघडं ठेवा, नाहीतर बॅटरी पूर्ण भरून, तारा सोडून घरी न्या आणि महिन्यातून एकदा चार्जरला लावा.

काकांच्या बॅटरीला मी दोन दिवस सावकाश चार्ज करून बघितलं. हायड्रोमीटरवर (आतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) सहापैकी चार सेल वर आले, दोन हललेच नाहीत. उद्या भंगारवाल्याकडे. नव्या बॅटरीची सेटिंग काकांनी स्वतः केली, आणि डबीवर मार्करने लिहिलंय: "हात लावू नये."